सामायिक कपाट

रस्त्यात सापडलेल्या वस्तूचे काय करावे, हा प्रश्न मोशेच्या नियमशास्त्राने फार पूर्वीच हाती घेतलेला आहे. अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायाच्या आरंभी तो येतो. शेजाऱ्याचा बैल किंवा मेंढरू भटकताना दिसले तर न पाहिल्यासारखे करून पुढे जाऊ नये. ते त्याच्याकडे पोचते करावे. मालक दूर राहत असेल, किंवा तो कोण हेच ठाऊक नसेल, तर जनावर आपल्या दारी आणून बांधावे आणि तो शोधीत येईपर्यंत सांभाळावे. गाढवाला हाच नियम, वस्त्राला हाच, आणि हरवलेल्या कोणत्याही वस्तूला हाच. शेतकऱ्याच्या भाषेत सांगितलेल्या या नियमाला दोन बाजू आहेत. सापडलेली वस्तू सापडणाऱ्याच्या मालकीची होत नाही, ही एक. आणि ती एकदा दृष्टीस पडली की तिच्यापासून त्याची सुटका नाही, ही दुसरी.

आजच्या नोकरदार माणसाला हा बैल बहुधा संगणकात भेटतो.

ज्या वाचकांचा संगणकाशी नित्याचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. आता कोणत्याही कचेरीत, मग ती कंपनी असो, बँक असो, शाळा असो की रुग्णालय, कागदपत्रे प्रत्येकाच्या टेबलाच्या खणात राहत नाहीत. सर्वांसाठी मिळून साठवणीची एक जागा असते, तिला शेअर्ड ड्राइव्ह म्हणतात. पूर्वी कचेरीच्या कोपऱ्यात मोठे लोखंडी कपाट असे आणि त्याची किल्ली हेडक्लार्कपाशी असे. त्याचेच हे आजचे रूप. फरक इतकाच की या कपाटाला शेकडो कप्पे असतात, कप्प्याकप्प्याची किल्ली वेगवेगळ्या माणसांना दिलेली असते, आणि किल्ल्या वाटणाऱ्याची चूक झाली तर ती वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही. वसई-विरारहून पहाटेची लोकल धरून मुंबईला जाणारी आमची मुले-मुली, आखातात हिशेबनीस म्हणून गेलेले आमचे तरुण, दिवसाचे आठ-दहा तास या कपाटासमोर बसलेले असतात. गेल्या वर्षीचे एखादे कोटेशन शोधता शोधता भलताच कप्पा उघडतो आणि दिसू नये ते दिसते. एकाच मालाची दोन निरनिराळ्या रकमांची बिले. कामावर कधीही न आलेल्या माणसांच्या नावांचे पगारपत्रक. सहकारी भगिनीच्या वैद्यकीय चाचणीचा अहवाल. कोणीतरी कचेरीच्या जागेत साठवून ठेवलेले अश्लील चित्रपट. आणि क्वचित, लहान मुलांची अशी छायाचित्रे की ज्यांचे वर्णन या पानांवर करवत नाही.

अशा वेळी माणसाच्या हातून पहिल्या पाच मिनिटांत सहसा तीनपैकी एक गोष्ट होते. तो फाइल बंद करतो आणि आपण काही पाहिलेच नाही असे स्वतःला सांगतो. किंवा शेजारच्या टेबलावरच्या मित्राला हाक मारतो, 'अरे, इकडे ये, हे बघ.' किंवा, स्वभावाने कनवाळू असला तर, ती फाइल गुपचूप पुसून टाकतो, म्हणजे कोणाची नाचक्की नको. वरवर पाहता पहिला भित्रा, दुसरा वाचाळ आणि तिसरा सज्जन. आम्हांला मात्र या तिघांचे नाते सख्ख्या भावांचे वाटते. तिघेही हातातले ओझे जमेल तिथे टाकून मोकळे होत आहेत.

या प्रश्नाचा कस लागलेले एक उदाहरण सार्वजनिक नोंदीत उपलब्ध आहे. ते थोडे विस्ताराने सांगण्यासारखे आहे, कारण त्यात वाईट हेतूची माणसे शोधण्याची गरज पडत नाही. उघडे दार आणि सवय एवढेच पुरते. अमेरिकेच्या सिनेटमध्ये न्यायविषयक समिती आहे. राष्ट्राध्यक्षांनी सुचविलेल्या न्यायाधीशांची छाननी ही समिती करते, त्यामुळे तिच्यात रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट या दोन पक्षांचे हाडवैर. दोघांचे कर्मचारी वेगळे, मसलती वेगळ्या. संगणकाचा सर्व्हर मात्र एकच. २००१ साली तांत्रिक व्यवस्था पाहणाऱ्याकडून काही कप्प्यांना नीट कुलूप लागले नाही. रिपब्लिकन बाजूच्या एका तरुण कारकुनाच्या ध्यानात आले की विरुद्ध पक्षाच्या कर्मचाऱ्यांच्या फायली आपल्याला उघडता येतात. त्याने त्या उघडल्या. त्यांतल्या काही वरिष्ठांपर्यंत गेल्या. एक दिवस नव्हे, एक आठवडा नव्हे. हा क्रम २००३ सालापर्यंत चालू राहिला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांतील काही टिपणे वृत्तपत्रांत छापून आली आणि प्रकरण उघडकीस आले.

समितीचे अध्यक्ष त्या वेळी रिपब्लिकन पक्षाचे ऑरिन हॅच होते. लाभ त्यांच्या पक्षाचा झाला होता. तरीही त्यांनी चौकशी लावली आणि आपल्या कचेरीतल्या माणसांनी हे करावे याची आपल्याला शरम वाटते अशा अर्थाचे उद्गार जाहीरपणे काढले. त्याबद्दल त्यांच्याच पक्षातले पुष्कळ लोक त्यांच्यावर रुष्ट झाले. सिनेटची शिस्त व सुरक्षा पाहणारे अधिकारी विल्यम पिकल यांचा अहवाल मार्च २००४ मध्ये आला. त्या कारकुनाच्या संगणकावर ४,६७० फायली सापडल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुसंख्य डेमोक्रॅट कर्मचाऱ्यांच्या होत्या.

प्रकरणातील दुसरे कर्मचारी मॅन्युएल मिरांडा यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये राजीनामा दिला, पण आपली बाजू सोडली नाही. त्यांचा युक्तिवाद ऐकण्याजोगा आहे, कारण तोच युक्तिवाद कचेरीतला कोणताही माणूस करील. त्यांचे म्हणणे असे की आम्ही काही फोडले नाही, कोणाचा पासवर्ड चोरला नाही. कप्पा सर्वांसाठी उघडा होता, आणि तो बंद ठेवण्याची जबाबदारी ज्याचा त्याची होती. शिवाय आत जे होते ते निर्दोष नव्हते. हे दुसरे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. एका टिपणात अशी सूचना होती की मिशिगन विद्यापीठाच्या प्रवेशधोरणाचा खटला निकालात निघेपर्यंत त्या अपील न्यायालयावरील एका नेमणुकीला विलंब लावावा. खटल्याचा निकाल मनासारखा लागावा म्हणून न्यायाधीशाचे आगमन लांबविणे ही लोकांना कळावी अशी गोष्ट होती, हे मान्य करायला हरकत नाही.

तरीही मिरांडांचा युक्तिवाद आम्हांला पटत नाही. उघड्या दारातून सहज आत नजर जाणे आणि त्या दाराशी रोज जाऊन उभे राहणे यांत जे अंतर आहे, ते पहिल्या फायलीनंतर लगेच सुरू होते. पहिली फाइल त्या कारकुनाला सापडली असे म्हणता येईल. दुसऱ्यापासून तो शोधीत होता. भटकलेला बैल घरी आणून बांधणे हा धर्म. पण त्याच बैलाला दीड वर्ष आपल्या नांगराला जुंपले तर त्याला दुसरे नाव आहे. आणि गंमत अशी की ज्या मजकुराच्या नावावर हे सारे समर्थन चालले होते, तो मजकूर या भानगडीत मागे पडला. विलंबाची ती सूचना योग्य होती की अयोग्य, याहून ती कोणी व कशी मिळविली याचीच चर्चा अधिक झाली. फौजदारी आरोप अखेर कोणावरही ठेवला गेला नाही. पण ज्या सत्याची सेवा करीत असल्याचा दावा होता, त्या सत्याला या पद्धतीने काही मिळाले नाही.

त्याच काळातले, त्याच देशातले एक उलट उदाहरण आहे. २००२ साली वर्ल्डकॉम या दूरध्वनी कंपनीत सिंथिया कूपर या अंतर्गत लेखापरीक्षण विभागाच्या प्रमुख होत्या. नेहमीचा खर्च भांडवली गुंतवणूक म्हणून दाखविणाऱ्या नोंदी त्यांच्या विभागाला हिशेबाच्या संगणकात सापडू लागल्या. कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याने हे परीक्षण पुढे ढकला असे सुचविले. त्यांनी ते ढकलले नाही. पण त्या वृत्तपत्राकडेही धावल्या नाहीत. नोंदी जुळवून, संबंधितांना विचारून, त्यांनी ते सारे संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीपुढे ठेवले. जून २००२ मध्ये कंपनीला ३८० कोटी डॉलरांची चूक जाहीर करावी लागली. कूपर यांनाही पुष्कळ काही पाहावे लागले, रात्री बसून पाहावे लागले. परंतु पाहणे हे त्यांचे नेमलेले काम होते, आणि पाहिलेले कोणाकडे न्यायचे हे त्यांना ठाऊक होते. कारकून आणि कूपर यांच्यातला फरक धैर्याचा आहे असे आम्हांला वाटत नाही. तो अधिकाराचा आणि वाटेचा आहे.

आता वाचाळ भावाकडे वळू. आपल्या समाजात याचे फावते, कारण खरे बोलण्याने पाप लागत नाही अशी एक समजूत घट्ट बसलेली आहे. 'मी काय खोटं सांगितलं का? डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं!' हे वाक्य विहिरीवर, लोकलमध्ये आणि मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकिर्दीत १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ आठव्या आज्ञेचे विवरण करताना इथे अतिशय नेमका भेद करतो. दुसऱ्यावर खोटा आळ घेणे हे तर पाप आहेच. परंतु खरा दोषसुद्धा पुरेसे कारण नसताना, ज्याला तो माहीत नव्हता अशा माणसाला सांगणे, हेही पाप आहे. आणि पुरेशा पुराव्याशिवाय, मनातल्या मनातसुद्धा, शेजाऱ्याचा दोष खरा धरणे याला उतावळा निवाडा म्हटले आहे. तोंडातून अवाक्षर न काढताही हे तिसरे पाप घडू शकते, ही गोष्ट आपण फारशी लक्षात घेत नाही.

उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला. हामने ते पाहिले आणि बाहेर जाऊन भावांना सांगितले. शेम आणि याफेथ यांनी खांद्यावर वस्त्र घेतले, पाठमोरे चालत आत गेले आणि बापाला झाकले. हामच्या हातून पाहणे घडले यात त्याचा फारसा दोष नसेलही. तंबूत कोणीही सहज डोकावू शकतो. बाहेर जाऊन सांगणे मात्र त्याने निवडले. संगणकावर आज बाहेर जाण्याचेही कष्ट नाहीत. एक बटण दाबले की फाइल व्हॉट्सॲपवर चाळीस माणसांकडे पोचते, आणि त्यांतले निम्मे त्या माणसाला कधी भेटलेलेही नसतात.

उतावळ्या निवाड्याविषयी बोलायचे तर संत योसेफाची आठवण होते. मत्तयाच्या पहिल्या अध्यायात तो नीतिमान होता असे म्हटले आहे, आणि त्याच श्वासात सांगितले आहे की मरियेची जाहीर बेअब्रू करण्याची त्याची इच्छा नव्हती. त्याच्यापुढे असलेली वस्तुस्थिती, माणसांच्या रूढ हिशेबाने, एकाच गोष्टीकडे बोट दाखवीत होती. आणि तो हिशेब चुकीचा होता. योसेफाने गावचे वडीलधारे जमविले असते तर सत्य समजायला जागाच उरली नसती. त्याने घेतलेल्या सबुरीत देवदूताला बोलायला एक रात्र मिळाली. आमच्या कचेऱ्यांत देवदूत येईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या दुहेरी बिलांचे स्पष्टीकरण द्यायला हिशेब विभागाचा माणूस येऊ शकतो. एखाद्या फायलीवर ज्याचे नाव दिसते त्यानेच ती ठेवली असे ठरत नाही. एका माणसाच्या खात्यातून चौघे काम करतात, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवलेला असतो, आणि मोबाईलमधली कौटुंबिक छायाचित्रे कचेरीच्या ड्राइव्हवर आपोआप जाऊन बसतात. नियमशास्त्र दोघा-तिघा साक्षीदारांवाचून गुन्हा शाबीत धरू देत नाही. संगणकाने दाखविलेले नाव हा फार तर एक साक्षीदार, आणि त्याचीही उलटतपासणी व्हायची आहे. सुझान्नेवर आरोप करणारे तर दोघे होते आणि वर समाजाचे वडील. लोकांनी लगेच विश्वास ठेवला. दानिएलाने दोघांना वेगळे करून कोणत्या झाडाखाली हे घडले एवढेच विचारले, आणि दोघांनी दोन झाडे सांगितली.

म्हणूनच गुपचूप पुसून टाकणाऱ्या तिसऱ्या भावाला आम्ही सज्जन म्हणायला तयार नाही. शेम-याफेथांनी झाकले ते बापाचे व्यसन नव्हे, त्याची लाज. आणि झाकताना त्यांनी पाहिले नाही. फाइल पुसणाऱ्याने ती पाहिलेली असते, मनात निवाडा दिलेला असतो आणि शिक्षाही माफ केलेली असते. हे सर्व त्याने एकट्याने, आरोपीला न विचारता केलेले असते. सहकारी निर्दोष असेल तर त्याला ते सिद्ध करण्याची संधी उरत नाही, आणि पुसणाऱ्याच्या नजरेत तो जन्मभर दोषी राहतो. तो दोषी असेल तर ज्याचे नुकसान झाले त्या माणसाचा पुरावा नाहीसा होतो. व्यवहाराच्या बाजूने पाहिले तरी कचेरीच्या संगणकातील मजकूर परवानगीवाचून नष्ट करणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ४३व्या कलमात बसते. फाइल केव्हा उघडली, कोणी पुसली, याची नोंद बहुतेक ठिकाणी राहते. आणि मग दयाळूपणा हा संगनमतासारखा दिसू लागतो.

मग करावे काय? साध्या प्रकरणांत उत्तरही साधे आहे. सहकारी भगिनीचा वैद्यकीय अहवाल दिसला तर तो बंद करावा आणि तिलाच सांगावे, 'ताई, तुमचा एक कागद सगळ्यांना दिसतो आहे, तो हलवून घ्या.' आत काय वाचले याविषयी ब्र काढू नये. कचेरीच्या जागेत चित्रपट साठविणाऱ्यालाही आधी एकांतात सांगावे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील प्रभू येशूचा क्रम हाच आहे. पहिल्यांदा दोघांमध्ये, मग एक-दोन साक्षीदारांसह, आणि त्यानंतर मंडळीपुढे. या क्रमात भावाला परत मिळविणे हा हेतू आहे, आणि तो हेतू संभवनीय आहे तोवर हा क्रम मोडू नये.

पण हा क्रम सर्वत्र लागू नाही, हे सांगण्याचे धैर्यही आपल्याच परंपरेत आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी बंधुभावाने कान उघाडणी करण्याविषयी लिहिताना हाच प्रश्न विचारला. गुप्त पापांत काही अशी असतात की त्यांचा घाव दुसऱ्यांवर पडत असतो. कोणी शहर शत्रूच्या हवाली करण्याचा कट करीत असेल तर त्याला एकांतात गाठून समजूत घालत बसू नये, ताबडतोब उघड करावे. अपवाद इतकाच की एकांतातल्या शब्दाने तो तत्काळ थांबेल अशी खात्री असेल. पारडे कशाने झुकते हे त्यांनी स्पष्ट केले आहे. पाप किती किळसवाणे आहे याने नव्हे. कोणाला इजा पोचत आहे आणि ती चालू आहे काय, याने. खोट्या पगारपत्रकांत कोणाचा तरी घामाचा पैसा जातो. म्हणून तिथे सांगण्याची जागा संबंधित माणूस नव्हे. त्याच्या वरचा अधिकारी, आणि तोच सामील असल्याचे दिसत असेल तर लेखापरीक्षक किंवा संचालक मंडळ.

लहान मुलांच्या त्या छायाचित्रांविषयी तर विचार करीत बसण्याइतकाही अवकाश नाही. प्रत्येक चित्रामागे एक जिवंत मूल आहे, आणि ते मूल आज याच क्षणी त्याच माणसाच्या तावडीत असू शकते. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने असा अपराध घडल्याचे कळलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळविण्याचे बंधन घातले आहे. न कळविणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडविला तर एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळविणाऱ्याला त्याच कायद्याने संरक्षण दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात असे साहित्य जवळ बाळगणे आणि ते नष्ट न करणे वा न कळविणे याकडे किती कठोरपणे पाहिले जाईल हे स्पष्ट केले आहे. म्हणून इथे पुरावा म्हणून पेन ड्राइव्हवर प्रत काढू नये, कोणाला पाठवू नये, दुसरे चित्र उघडू नये. कोणत्या कप्प्यात, किती वाजता, काय दिसले एवढे कागदावर लिहून घ्यावे आणि पोलीस ठाणे गाठावे. तांत्रिक तपास हे त्यांचे काम आहे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ संगणकीय पुराव्याबरोबर रीतसर प्रमाणपत्र मागतो, आणि हौशी हातांनी हाताळलेली फाइल न्यायालयात लंगडी पडते.

या बाबतीत ख्रिस्तसभेने फार महाग धडा घेतला आहे, आणि तो आपल्या पानांवर आडपडद्याने लिहिण्यात अर्थ नाही. जगातील अनेक धर्मप्रांतांत संस्थेची अब्रू झाकण्याला शेम-याफेथांचे वस्त्र समजले गेले, आणि त्या वस्त्राखाली मुले होती. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये काढलेल्या आदेशाने धर्मगुरू आणि व्रतस्थ यांच्यावर अशा गोष्टी वरिष्ठांना कळविण्याचे बंधन घातले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात या प्रकरणांवरील पोपकचेरीची गुप्तता उठविली. प्रायश्चित्त संस्काराची मोहर मात्र अभंगच आहे, आणि म्हणूनच एक गोष्ट समजून घ्यावी. कुमसारात जाऊन 'फादर, मला कचेरीत असे असे सापडले' असे सांगितल्याने मन हलके होईल, पण ओझे पोचलेले नसते. फादर त्या माहितीवर काहीही करू शकत नाहीत, सूचकसुद्धा बोलू शकत नाहीत. त्यांच्याकडे सल्ला मागायचा असेल तर कुमसाराबाहेर, त्यांच्या कचेरीत, खुर्चीवर बसून मागावा.

आणि भीती? घरी हप्ता आहे, मुलांची फी आहे, आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचे तो वरिष्ठ आहे. हे भय क्षुल्लक म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील तरुण अभियंते सत्येंद्र दुबे यांनी रस्त्याच्या कामातील गैरप्रकार पंतप्रधान कार्यालयाला पत्राने कळविले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र त्यांच्या नावासकट खात्याखात्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा गोळी घालून खून झाला. तपासयंत्रणेने तो लुटीतून झालेला खून मानला आणि २०१० साली तिघांना शिक्षा झाली. पण पत्रावरचे नाव फिरविणाऱ्यांच्या हातून जे घडले त्याचा हिशेब त्या निकालात नाही. म्हणून हे कर्तव्य केवळ सापडणाऱ्याचे नाही. ज्याच्याकडे तो येतो त्याचेही आहे. आमच्या वाचकांत मुख्याध्यापक आहेत, पतपेढ्यांचे संचालक आहेत, धर्मग्राम परिषदेचे सदस्य आहेत. एखादा कनिष्ठ कर्मचारी दार लोटून आत आला आणि चाचरत बोलू लागला तर 'तू तिथे गेलासच कशाला?' हा पहिला प्रश्न विचारू नये. तो प्रश्न नंतर विचारता येतो. पहिल्याने विचारला तर पुढचा माणूस त्या दारापर्यंत येत नाही.

एवढे झाल्यावरही सापडणाऱ्याचे एक काम राहते आणि ते सर्वांत कंटाळवाणे आहे. ज्या सहकाऱ्याविषयी त्याने कळविले, त्याच्या शेजारी उद्याही बसायचे, डबा उघडायचा, रविवारी कदाचित एकाच बाकावर गुडघे टेकायचे. चौकशी चालू आहे तोवर डोळ्यांतूनही काही सांगायचे नाही. समजा, दोन महिन्यांनी निष्पन्न झाले की ती दुहेरी बिले खुद्द लेखापरीक्षकांनीच मागवून तिथे ठेवली होती, आणि सहकारी त्यांना मदत करीत होता. ज्याने एकाच अधिकाऱ्याला सांगितले असेल त्याला एकाच माणसाला पुन्हा भेटावे लागेल. ज्याने कॅन्टीनमध्ये सांगितले असेल त्याच्यावर धर्मशिक्षणग्रंथाने झालेली हानी भरून देण्याचे बंधन ठेवले आहे. कुमसाराने पापाची क्षमा होते, ते बंधन सुटत नाही. त्याला त्या दिवशी टेबलाभोवती असलेल्या प्रत्येकाला गाठावे लागेल: रात्रपाळीला बदली झालेल्याला, नोकरी सोडून दुसऱ्या कंपनीत गेलेल्याला, मस्कतला गेलेल्याला, आणि त्या प्रत्येकाने घरी जाऊन ज्यांना सांगितले त्या सर्वांना.